सातवा रकाना

मंडळाच्या फॉर्मात पहिल्या सहा रकान्यांत
माणूस बसतो बरोबर:
नाव, वडिलांचं नाव, ट्रेड,
शिकलेले तास, अंगठा, निकाल.
सातवा माझा.
सहा महिन्यांनी फोन करायचा आणि खूण करायची,
कार्यरत / अकार्यरत.
मधे एक तिरकी रेघ आहे.
तिच्यावर माझं घर चालतं, दर मार्चला नवा करार.

नंदानगर, दुसरा मजला. हेडफोनचा डावा कान मुका.
खिडकीत मिलचं धुराडं, तोंडाशी पिंपळ फुटलेलं.
आमचे नाना तिथे सांचेखात्यात होते.
मिल मिटली तरी पावणेसातला डबा मागायचे.
आई भरून द्यायची.
पायरीवर बसून आठाला तो खायचे
आणि म्हणायचे, आज भोंग्याला उशीर झाला.
त्यांना कुणी फोन केला नाही.
तेव्हा रकाना नव्हता.

दहा वाजता दीपेश कुशवाह, फिटर.
‘पीथमपूर में था ना मैडम, तीन महीने. ठेकेदार बदल गया.’
ठेकेदार बदलला, याला कोड नाही.

नसरीन मन्सुरी, शिवण.
नवरा उचलतो: ती कुठं काय करते, घरीच असते.
त्याच्या मागे मशीन धडधडत असतं,
थांबतं, दोरा बदलण्याइतकं,
पुन्हा सुरू.
मी नवऱ्याचं ऐकून घेते
आणि मशीनचं लिहिते: कार्यरत.

यशोधन बिनीवाले, वेल्डर, आमच्याच रामबागेतला.
‘पोह्यांची गाडी लावून राहिलोय ताई, छावणीत.
गाडी मीच जोडली. पाच महिने भट्टी पेटतेय,
एक सांधा उसवला नाही.
या कधी, जिरावन जास्त घालतो.’
शिकला तेच केलं त्यानं,
पण पगाराची पावती नाही, म्हणून हा गेला ‘अन्य’मध्ये.
मग तोच विचारतो, तुम्ही तरी पर्मनंट का?
मी म्हणते, आवाज तुटतोय तुझा.

तिमाही बैठक भोपाळला. मला नेलं पडदा चालवायला.
अकरा खुर्च्या, अकरा पाट्या.
‘कामगार प्रतिनिधी’ रिकामी;
तिच्यापुढचा काजूचा द्रोण
चहावाल्यानं शेवटी मला दिला.
वाईट माणसं नव्हती. दमलेली होती,
सकाळपासूनची चौथी बैठक.
अध्यक्ष म्हणाले, उज्जैन एक्क्याऐंशी, मग इंदूर बहात्तर का?
कुणीतरी म्हणालं, हवामान.
हसले सगळे, मीही.
मग टोकाच्या लोंढेबाई, चष्मा पुसत:
हे बहात्तर म्हणजे कोण?
एका साहेबांनी दुसऱ्या साहेबांकडे पाहिलं,
दुसऱ्यांनी माझ्याकडे.
उभी राहिले. हातात रिमोट तसाच.
म्हटलं, बाई, मी त्यांना पाहिलेलं नाही.
ऐकलंय फक्त.

इतिवृत्तात आलं: मुद्दा नऊ, चर्चा झाली.

दिवाळीनंतर फॉर्म बदलून आला.
आठवा रकाना, शेरा.
सोळा घरं, काना-मात्रा-मोकळी जागा धरून.
लोंढेबाई तोवर निवृत्त झालेल्या,
त्यांचा नंबर माझ्याकडे नाही.
पहिला यशोधन उघडला.
फॉर्म हिंदी, मी मराठी, कॉम्प्युटरनं कुरकुर केली नाही.
सांधा उसवला नाही.
मोजून सोळा.
नसरीनचं बारात भागलं: मशीन ऐकू आलं.

दीपेशचा फोन वाजतो, उचलत नाही.
त्याची घरं तशीच.
रोज साडेपाचला, पर्स आवरून झाल्यावर,
एकदा लावून बघते.
परवा गाणं बदललंय फोनवरचं.
म्हणजे रिचार्ज मारलाय पोरानं,
म्हणजे कुठून तरी पैसे आले.